लग्नाला परवानगी कोणाची? प्रतिलोम विवाहापासून समलिंगी विवाहापर्यंत

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल दिला. समलिंगी जोडप्यांना विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवता यावे, ही मागणी पाचही न्यायमूर्तींनी नाकारली. या विषयावर चळवळीतल्या कार्यकर्त्यांशी बोलायला लागले की एक उत्तर हमखास मिळते : "हा आपला प्रश्न नाही. अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडतात, आरक्षण पोखरले जाते. त्यात हे श्रीमंतांचे चोचले कशाला?"

या उत्तरातला राग समजण्यासारखा आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. पुरुषाने पुरुषाशी किंवा बाईने बाईशी लग्न करावे की नाही, एवढ्यापुरता हा वाद नाही. दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहायचे ठरवले तर त्याला परवानगी देणारा तिसरा कोण, हा खरा वाद आहे. भट? जातपंचायत? बाप-भाऊ? शास्त्र? की बहुसंख्यांची आवडनिवड? हा प्रश्न महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे कोणी विचारला असेल तर तो आपल्याच माणसांनी.

भटावाचून लग्न

२५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. जोतीरावांनी मंगलाष्टकेही नवी रचली आणि वधूवरांनी एकमेकांना वचने द्यावीत अशी पद्धत घातली. मध्यस्थ काढून टाकला. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटाशिवाय लग्न लावले, तेव्हा ग्रामजोशांनी हक्काची दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात दावा लावला. प्रकरण थेट हायकोर्टापर्यंत गेले. लग्न पाटलांच्या घरचे, वधूवर राजी, आईबाप राजी, आणि तरीही तक्रार तिसऱ्याची! 'धर्म बुडाला' या हाकेमागे बहुतेक वेळा कुणाचा तरी हक्क बुडालेला असतो, हे त्या दाव्याने उघडे केले.

तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांचे असेच झाले. पुरोहित नाही, होम नाही, सप्तपदी नाही. हजारो लोकांनी अशी लग्ने केली. मद्रास हायकोर्टाने १९५० च्या दशकात 'दैवानै आची' खटल्यात ही लग्ने कायदेशीर ठरत नाहीत असे सांगितले. नवराबायको म्हणून संसार केलेली माणसे कायद्याच्या कागदावर परकी झाली. हा अन्याय अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली हिंदू विवाह कायद्यात '७-अ' हे कलम घालून दूर केला. म्हणजे समाजाने मानलेले लग्न कायदा नाकारू शकतो आणि लोकांनी निवडून दिलेले सरकार तो नकार मागेही घेऊ शकते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

'बाई काशी' आणि बाबासाहेबांचे लग्न

१९१२ साली 'बाई काशी विरुद्ध जमनादास' या खटल्यात मुंबई हायकोर्टाने सांगितले की ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचे लग्न हे प्रतिलोम, म्हणून बेकायदा. वरच्या वर्णाच्या पुरुषाने खालच्या वर्णाची स्त्री केली तर त्याच हायकोर्टाला पुढे ते चालले. उलट चालले नाही. हा मनूचा न्याय इंग्रजांच्या कोर्टात, इंग्रजी भाषेत दिला गेला.

यातून सुटायला एकच वाट होती, १८७२ चा विशेष विवाह कायदा. पण त्यात लग्न करायचे तर 'मी हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, जैन, पारशी, ज्यू यांपैकी कोणताच धर्म मानत नाही' असे लिहून द्यावे लागे. जातीबाहेर लग्न करायचे असेल तर धर्मही सोडा, असा तो सौदा होता. विठ्ठलभाई पटेलांनी आंतरजातीय विवाहाचे विधेयक आणले, तेव्हा सनातन्यांनी देशभर काहूर माजवले. शाहू महाराज थांबले नाहीत. त्यांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात अशा विवाहांना कायदेशीर आधार दिला. ब्रिटिश हिंदुस्थानात ती सवलत १९२३ च्या दुरुस्तीने आली. आणि पुरोहिताकडून विधिवत लावलेले आंतरजातीय लग्न देशभर निर्विवादपणे वैध व्हायला १९४९ चा हिंदू विवाह वैधता कायदा उजाडावा लागला.

आता एक तारीख पाहा. १५ एप्रिल १९४८. त्या दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचे नोंदणी पद्धतीने लग्न झाले. वधू सारस्वत ब्राह्मण, वर महार. १९४९ चा कायदा अजून व्हायचा होता. हेच लग्न होमहवनाने लागले असते तर 'बाई काशी'च्या तर्काने कोर्टात टिकले नसते. ज्या माणसाच्या अध्यक्षतेखाली देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार होत होता, त्याच्या लग्नाला धर्मशास्त्राने दार बंद केले होते. उघडे होते ते फक्त विशेष विवाह कायद्याचे दार.

२०२३ साली समलिंगी जोडपी जे दार ठोठावत होती, ते हेच. १८७२ च्या कायद्याची जागा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने घेतली, एवढाच फरक. 'आमचा काय संबंध' म्हणणाऱ्यांनी या दाराचा इतिहास एकदा वाचावा.

जात आणि लैंगिकता

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या परिसंवादात बाबासाहेबांनी जातीवरचा आपला निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. त्यांचा सिद्धांत आपल्याला पाठ आहे : जातीचा प्राण म्हणजे जातीअंतर्गत विवाह. पण त्या सिद्धांताचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. जातीअंतर्गत विवाह टिकवायचा तर जातीतल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या लैंगिक जीवनावर पहारा ठेवावा लागतो. नवरा मेला की बाई 'जादा' ठरते, म्हणून सती किंवा सक्तीचे वैधव्य. बायको मेली की पुरुष 'जादा' ठरतो, म्हणून त्याला वयात न आलेली मुलगी. या प्रथा कुणाच्या लहरीतून आल्या नाहीत, जातीच्या गणितातून आल्या.

या गणितात एकच हिशेब मान्य आहे : जातीतला पुरुष, जातीतली स्त्री आणि त्यांची जातीतली संतती. दोन पुरुषांचे किंवा दोन बायकांचे सहजीवन या हिशेबात कुठेच बसत नाही. म्हणून व्यवस्था त्याला विकृती म्हणते. ज्यांनी विधवेला अपशकुनी ठरवले, आंतरजातीय संततीला वर्णसंकर म्हणून हिणवले, त्यांचा हा शब्दकोश आहे. तो आपण कशासाठी उसना घ्यायचा?

'हे सगळे पाश्चात्त्यांचे खूळ' म्हणणाऱ्यांनी तर मनुस्मृती उघडूनही पाहिलेली नसते. तिच्या आठव्या अध्यायात मुलीने मुलीशी केलेल्या संबंधाला दंड आणि फटके सांगितले आहेत. मोठ्या स्त्रीने तेच केले तर मुंडण, बोटे छाटणे आणि गाढवावरून धिंड. अकराव्या अध्यायात द्विज पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला तर प्रायश्चित्त काय? वस्त्रांसह स्नान! बाईची बोटे तुटतात, द्विज पुरुष अंघोळ करून मोकळा होतो. जी गोष्ट देशात नव्हतीच तिच्यासाठी शिक्षा कोण लिहून ठेवेल? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळले, त्यातल्या या कलमांची राखसुद्धा आपणच जपून ठेवायची का?

१९३४ : रघुनाथरावांचे वकीलपत्र

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक ज्ञान यांवर उघड लिहिणारा हा माणूस पुण्यामुंबईच्या सोवळ्यांना सलत होता. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ साली पुन्हा पकडले. यावेळी गुन्हा काय, तर वाचकांच्या लैंगिक जीवनाविषयीच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. त्यात हस्तमैथुनाचा विषय होता, समलिंगी संबंधांचाही होता.

कोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. अंगावर कामाचा डोंगर होता. अशा खटल्यात टाळ्या मिळत नाहीत, बदनामीच मिळते. तरी त्यांनी वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही, वाचकाने विचारले तर उत्तर देणे हे मासिकाचे कामच आहे, अशी त्यांची भूमिका होती. समलिंगी प्रवृत्तीबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

बाबासाहेबांनी समलिंगी विवाहावर लेखन केलेले नाही, आणि त्यांच्या तोंडी न बोललेली वाक्ये घालण्याचे काहीच कारण नाही. पण नव्वद वर्षांपूर्वी 'हा आपला प्रश्न नाही' असे म्हणण्याची पूर्ण सवड असतानाही त्यांनी ते म्हटले नाही. ही नोंद पुरेशी आहे.

कलम ३७७ ते सुप्रियो

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातले आणि 'निसर्गक्रमाविरुद्धचा' शरीरसंबंध गुन्हा झाला. २ जुलै २००९ रोजी दिल्ली हायकोर्टाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर सज्ञानांच्या संमतीने होणारे संबंध यातून वगळले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कारणांमध्ये एक असे होते की हे लोक लोकसंख्येचा अगदी नगण्य भाग आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहूनही कमी खटले झाले आहेत. डोकी मोजून मूलभूत हक्क वाटायचे ठरले तर या देशातल्या कुठल्या अल्पसंख्याचा निभाव लागेल? बहुसंख्यांच्या मर्जीवर अल्पसंख्यांना सोडता येत नाही, हे तर बाबासाहेबांच्या उभ्या राजकारणाचे सूत्र होते. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी 'नवतेज जोहर' खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही चूक दुरुस्त केली. न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासाने या समूहाची माफी मागायला हवी, असे नमूद केले.

दिल्ली हायकोर्टाच्या आणि २०१८ च्या निकालांच्या केंद्रस्थानी एक शब्द आहे : घटनात्मक नैतिकता. तो बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणातून आला. विरोधक म्हणतात की त्या भाषणात बाबासाहेब प्रशासनाचे तपशील घटनेत का घातले याचे स्पष्टीकरण देत होते, समलिंगींबद्दल बोलत नव्हते. संदर्भ खरा आहे. पण ते तपशील घालावे लागले कशामुळे, हेही त्याच भाषणात आहे. इतिहासकार ग्रोटचा दाखला देऊन ते सांगतात की घटनात्मक नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे आणि इथली जमीन मुळात लोकशाहीची नाही. ज्या समाजाची प्रचलित नैतिकता स्पृश्यास्पृश्यतेवर उभी होती, तिच्या भरवशावर कुणाचाही हक्क सोडता येणार नाही, हा त्या विचाराचा गाभा. तो पाणवठ्याला लागू पडतो आणि विवाहाला पडत नाही, असे म्हणायला आधार काय?

'रूढी राज्यापेक्षा जुनी'

२०२३ च्या खटल्यात केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात दोन मुद्दे ठासून मांडले. एक, भारतीय कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि मुले. दोन, ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे.

पहिला मुद्दा आपण आधीही ऐकला आहे. हिंदू कोड बिलाच्या वेळी हेच शब्द होते : कुटुंब मोडेल, संस्कृती बुडेल, देश याला तयार नाही. घटस्फोट, मुलीचा वारसा, आंतरजातीय लग्न या सगळ्यांवर एकच आरोळी. दिल्लीत मोर्चे निघाले, नेहरूंसोबत बाबासाहेबांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडले. आज त्या विधेयकातल्या तरतुदींवर हिंदू घरातल्या लेकी हक्क सांगतात आणि कुटुंबसंस्था काही बुडालेली नाही.

न्यायालयाने काय म्हटले? विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही जणांचे एकमत झाले. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी निदान अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी आणि त्यांना मूल दत्तक घेता यावे, असे म्हटले. न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंहा यांनी तेही नाकारले. तीन विरुद्ध दोन. विवाह ही राज्यापेक्षा जुनी सामाजिक संस्था आहे, तिला मान्यता रूढीने किंवा कायद्याने मिळते, असा बहुमताचा सूर होता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

आंबेडकरी माणसाने इथे थांबून विचार करावा. 'रूढी राज्यापेक्षा जुनी' हे वाक्य आपल्या कानाला कसे लागते? अस्पृश्यताही भारतीय प्रजासत्ताकापेक्षा जुनीच होती. म्हणून तर घटनेच्या कलम १३ ने 'कायदा' या शब्दात रूढी आणि प्रथा यांनाही धरले. रूढी मूलभूत हक्कांच्या आड आली तर ती जाईल. रूढीला हक्कांची जननी मानणारे न्यायशास्त्र आपल्याला परवडणारे नाही. शिवाय याच न्यायालयाने २०१८ साली हादियाच्या खटल्यात जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य कलम २१ मध्ये आहे असे सांगितले होते, आणि शक्तिवाहिनी खटल्यात दोन सज्ञानांच्या लग्नात खाप पंचायतीला नाक खुपसू दिले नव्हते. निवडीचा हक्क आहे, पण निवडीला मान्यता मिळण्याचा हक्क नाही, हे कोडे उद्या आंतरजातीय जोडप्याच्या अंगावरही येऊ शकते.

'शहरी उच्चभ्रू' कोण?

दुसरा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण तो आपल्या रागाला हात घालतो. १९८७ च्या सुमारास मध्य प्रदेश पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केले आणि त्यांना नोकरीवरून काढले गेले. शिपाई बायका कोणत्या हिशेबाने उच्चभ्रू? २०२३ च्या याचिकाकर्त्यांत बंगळुरूच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या अक्कई पद्मशाली होत्या. तमिळनाडूच्या ग्रेस बानू दलित तृतीयपंथीयांसाठी समांतर आरक्षणाची लढाई लढत आहेत. आपल्याकडे दिशा पिंकी शेख वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. आणि ज्या केंद्र सरकारने हा शहरी प्रश्न ठरवला, त्याच सरकारने निकालानंतर २०२४ मध्ये राज्यांना कळवले की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावे. रेशनच्या दुकानात उभा राहणारा उच्चभ्रू नसतो.

ज्याच्याकडे पैसा आहे तो मृत्युपत्र करतो, वकील लावतो, परदेशात जातो. ज्याच्याकडे काही नाही त्याला कायद्याचे नातेच आधार देते : दवाखान्यात सही करण्याचा हक्क, भविष्य निर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन, अपघाताची भरपाई, मेल्यावर प्रेत ताब्यात मिळणे.

मात्र दुसरी बाजूही स्पष्ट बोलली पाहिजे. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या मुलासाठी 'वर' हवा अशी जाहिरात दिली. देशातली अशी पहिली जाहिरात म्हणून तिचे कौतुक झाले. त्या जाहिरातीत जातीची पसंतीही होती : अय्यर असल्यास उत्तम! पुरुषाला पुरुष चालेल, पण जातीतला. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध किती खोल गेला होता याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. म्हणून समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली की जात आपोआप मोडेल, या भ्रमात राहू नये. लैंगिक अल्पसंख्यांच्या चळवळीतल्या सवर्ण नेतृत्वाला जातीचा जाब विचारणारे दलित कार्यकर्ते त्या चळवळीत आहेत आणि आपण त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पण सवर्ण स्त्रिया जातीयवादी असतात म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल गुंडाळून ठेवले नव्हते.

आपली मागणी

काही साथी म्हणतात, लग्नसंस्थाच ब्राह्मणी, मग तिच्यात शिरायचे कशाला? यावर उत्तर असे की हक्क हातात असेल तरच तो नाकारता येतो. मंदिरात जायचे की नाही हे आपण ठरवू, पण दारावर पाटी लावण्याचा अधिकार पुजाऱ्याचा नाही, हे काळारामाच्या दाराशी आपण शिकलो. आणि लग्न हा संस्कार नसून करार आहे, ही गोष्ट तर आपल्या घराघरांत रुजली आहे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढऱ्या वस्त्रांत, मुहूर्ताशिवाय आणि कन्यादानाशिवाय आपली लग्ने लागतात. बौद्धबहुल थायलंडने जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाचा कायदा लागू केला. शेजारच्या नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्येच पहिली नोंदणी झाली.

न्यायालयाने चेंडू संसदेकडे टोलवला आहे. मग लढाई संसदेत नेऊ. अण्णादुराईंनी १९६७ साली हेच केले. विशेष विवाह कायद्याच्या कलम ४ ची सुरुवात 'कोणत्याही दोन व्यक्तींचा' विवाह अशीच आहे, आड येते ती पुरुष २१ आणि स्त्री १८ ही पोटकलमातली भाषा. ती बदलण्यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये खासगी विधेयक मांडले होते. त्याच कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीसही गेली पाहिजे. ती नोटीस आंतरजातीय जोडप्याचा पत्ता मारेकऱ्यांच्या हाती देते आणि समलिंगी जोडप्याचाही देईल. दोघांचा शत्रू एक, कायदा एक, दुरुस्तीही एकच. आपल्या मतांवर निवडून येणाऱ्या प्रत्येक खासदाराला या दोन दुरुस्त्यांवर भूमिका विचारा.

वस्तीतली एखादी मुलगी 'मला लग्न करायचे नाही, मला तिच्यासोबत राहायचे आहे' असे म्हणाली, तर तिला मारून मुटकून बोहल्यावर चढवणारे हात सवर्णांचे नसतील, आपलेच असतील. त्या दिवशी आपल्या घरात मनूचा आठवा अध्याय चालेल की घटनेचे कलम २१, हे कोणतेही घटनापीठ येऊन ठरवणार नाही. ते आपल्यालाच ठरवायचे आहे.

जय भीम!